शिशींत उरलेल्या गोळ्या

औषध घेणें हें काम आपल्याकडे फार सोपें समजलें जातें. डॉक्टरांनीं चिठी लिहून दिली, दुकानांतून औषध आलें आणि घरांतील वडील मंडळींनीं तें वेळच्या वेळीं रोग्याच्या हातावर ठेवलें, म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, अशी आपली समजूत असते. गेल्या तीन वर्षांत आमच्या कुटुंबावर जो प्रसंग ओढवला त्यानें ही समजूत किती उथळ आहे हें आम्हांस शिकविलें. प्रसंग घरचा असल्यामुळें तो या पानांवर आणावा कीं नाहीं याविषयीं आमचें मन बरेच दिवस द्विधा होतें. परंतु ज्यांच्या हातून चूक झाली त्या थोरल्या काकूंनींच, "लिहा, निदान दुसऱ्या घरची आजी तरी वेळीं शहाणी होईल," असें सांगितलें, तेव्हां आम्हीं लेखणी उचलली आहे.

आमच्या चुलत बंधूंच्या धाकट्या चिरंजीवास वयाच्या सहाव्या वर्षीं रक्ताचा कर्करोग झाल्याचें निष्पन्न झालें. अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया असें त्याचें लांबलचक नांव. नांव ऐकून घरांतील बायकांनीं डोळ्यांस पदर लावला व पुरुष मंडळी मुकाट्यानें ओसरीवर जाऊन बसली. डॉक्टरांनीं धीर दिला. एके काळीं हा रोग झालेलें मूल कांहीं आठवड्यांचें अगर महिन्यांचें सोबती समजत. आतां सुधारलेल्या देशांत अशा दहा मुलांपैकीं सुमारें नऊ बरीं होतात, व आपल्याकडेहि बरीं होणाऱ्यांची संख्या वाढत आहे, असें त्यांनीं सांगितलें. पहिले कांहीं महिने रुग्णालयांतील उपचारांचे गेले. ते कठीण होते, पण तेथें प्रत्येक सुई व प्रत्येक थेंब परिचारिकांच्या नजरेखालीं होता. त्यानंतर सुरू झाला तो दीड-दोन वर्षांचा घरगुती उपचार: मर्कॅप्टोप्युरीनची गोळी रोज एक वेळां आणि मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या आठवड्यांतून एकच दिवस. आम्हांस वाटलें, संकट टळलें. वस्तुतः रुग्णालयाची जबाबदारी त्या दिवसापासून आमच्या फडताळांत येऊन बसली होती.

या दोन औषधांची पूर्वपीठिका वाचकांस ठाऊक असावी, कारण तिचा एक धागा मुंबईच्या गिरण्यांपर्यंत पोंचतो. 1928 सालीं लूसी विल्स नांवाची इंग्रज डॉक्टरीण मुंबईस आली. गिरणींत काम करणाऱ्या गरोदर बायकांना जो पंडुरोग होई त्याचें कारण शोधण्याचें काम तिनें हातीं घेतलें व परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्यें बसून प्रयोग केले. यीस्टपासून केलेल्या एका स्वस्त अर्कानें या बायकांचें रक्त सुधारतें, हें तिनें 1931 सालीं प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य म्हणजेंच पुढें फॉलिक अॅसिड या नांवानें ओळखलें गेलेलें जीवनसत्त्व. अमेरिकेंत लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेंत आंध्रांतील भीमावरमचे सुपुत्र यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखालीं तें कृत्रिम रीतीनें तयार झालें. बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांस असें दिसून आलें कीं, ल्युकेमिया झालेल्या मुलांस हें जीवनसत्त्व दिल्यानें रोग उलट भडकतो. मग त्याच्या विरुद्ध काम करणारें द्रव्य दिलें तर? सुब्बारावांच्या मंडळींनीं अमिनोप्टेरिन हें तसलें द्रव्य करून दिलें. आणि 1948 च्या जूनमध्यें फार्बर यांनीं जाहीर केलें कीं, सोळा मुलांपैकीं दहांचा रोग कांहीं काळापुरता कां होईना, मागें हटला. मेथोट्रेक्सेट हें त्याच अमिनोप्टेरिनचें भावंड. सुब्बाराव त्याच वर्षीं निवर्तले.

दुसऱ्या औषधाची जननी गर्ट्रूड एलियन ही न्यूयॉर्कची मुलगी. ती पंधरा वर्षांची असतां तिचे लाडके आजोबा कर्करोगानें गेले, व त्या दुःखांतूनच तिनें रसायनशास्त्र पत्करलें. स्त्री म्हणून तिला प्रयोगशाळांतून नोकरी मिळेना. शेवटीं 1944 सालीं जॉर्ज हिचिंग्ज यांच्या हाताखालीं तिला जागा मिळाली. 1951 च्या सुमारास या दोघांनीं मर्कॅप्टोप्युरीन तयार केलें व 1953 सालीं त्यास अमेरिकन सरकारची मान्यता मिळाली. 1988 सालीं दोघांनाहि नोबेल पारितोषिक मिळालें. आज सत्तर वर्षें उलटून गेलीं तरी जगांतील ल्युकेमियाग्रस्त मुलांच्या घरगुती उपचाराचा आधार याच दोन जुन्या गोळ्या आहेत. नवें औषध सांपडणें ही जशी मोठी गोष्ट, तशीच जुनें औषध नीट वापरणें हीहि. आणि ही दुसरी गोष्ट ज्यांच्या अभ्यासाचा विषय आहे त्यांच्याविषयीं आज आम्हांस मुख्यतः लिहावयाचें आहे.

फार्मसिस्ट म्हटला कीं दुकानांत उभा राहून गोळ्या मोजून देणारा गृहस्थ आपल्या डोळ्यांपुढें येतो. परंतु रुग्णाच्या खाटेशीं उभें राहून औषधाचा विचार करणारा फार्मसिस्ट हा निराळा. आपल्या देशांत या विद्येसाठीं 2008 सालापासून फार्म. डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला आहे. डॉक्टर रोग ओळखतो व औषध ठरवितो. तें औषध शरीरांत शिरल्यावर किती प्रमाणांत रक्तांत उतरतें, किती तास टिकतें, यकृतावाटे बाहेर पडतें कीं मूत्रपिंडावाटे, शेजारच्या दुसऱ्या औषधाशीं त्याचें भांडण आहे काय, आणि मुख्य म्हणजे तें घरीं खरोखर घेतलें जातें काय, याचा शोध हा घेतो. कर्करोगाच्या औषधांत या विद्येचें महत्त्व विशेष आहे. सर्दीपडशाच्या औषधांत थोडें अधिकउणें झाल्यानें बहुधा बिघडत नाहीं. येथें रोगास मारणारी मात्रा आणि रोग्यास मारणारी मात्रा या शेजारणी आहेत. मध्यें एक पातळ कूड काय तो असतो.

याचें उदाहरण म्हणून 1994 सालीं बोस्टनमधील एका अग्रगण्य रुग्णालयांत घडलेली घटना जगभर सांगितली जाते. चार दिवसांत मिळून द्यावयाची सायक्लोफॉस्फॅमाइडची एकंदर मात्रा चुकीनें दररोज, अशी चार दिवस दिली गेली. एक स्त्री प्राणांस मुकली. दुसऱ्या रुग्णाच्या हृदयास मोठी इजा झाली. तेथील डॉक्टर अडाणी नव्हते, परिचारिका आळशी नव्हत्या. एका ओळीचा अर्थ निराळा लावला गेला व तो तपासणारें दुसरें स्वतंत्र डोकें मध्यें नव्हतें. तेव्हांपासून मोठमोठ्या रुग्णालयांत कर्करोगाची प्रत्येक मात्रा फार्मसिस्टानें स्वतंत्रपणें पडताळून पाहण्याची शिस्त अधिक कडक झाली. मात्रा ठरविण्याची रीतहि अशीच तपासून घ्यावी लागते. अनेक औषधांची मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावरून काढतात. त्यासाठीं सर्वत्र वापरलें जाणारें ड्यूबॉय यांचें सूत्र 1916 सालचें असून तें अवघ्या नऊ माणसांच्या मोजमापावरून बसविलेलें आहे, हें ऐकून आम्ही थक्क झालों. कार्बोप्लाटिन या औषधापुरतें तरी 1989 सालीं कॅल्व्हर्ट यांनीं दाखवून दिलें कीं, रोग्याची उंची व वजन यांपेक्षां त्याचें मूत्रपिंड किती काम करतें यावरून मात्रा काढणें अधिक सुरक्षित. संशोधन म्हणतात तें हेंच: रूढ झालेला हिशेब पुन्हां मांडून पाहणें.

आतां आमच्या घरची हकीकत. घर मोठें, माणसें चौदा. मुलाची आई शाळेंत शिक्षिका, वडील फिरतीवर. त्यामुळें गोळी देण्याचें काम थोरल्या काकूंनीं, म्हणजे मुलाच्या आजीनें, आपण होऊन पत्करलें. गोळी सोमवारपासून शुक्रवारपर्यंत एक व शनिवार-रविवार अर्धी, जेवणानंतर दोन तासांनीं, रिकाम्या पोटीं आणि दुधाशिवाय द्यावयाची, असें सुरुवातीस सांगण्यांत आलें होतें. काकूंनीं हा नियम सोवळ्याच्या काटेकोरपणानें पाळला. पहिले आठ महिने सर्व ठीक चाललें.

पुढें दिवाळी आली. काकू फराळाच्या गडबडींत असतील म्हणून मुलाच्या आईनें त्या आठवड्यांत संध्याकाळची गोळी आपणच देण्यास सुरुवात केली. काकूंना हें सांगावयाचें राहिलें. काकूंनीं आपला नेम मोडला नव्हता. चुलीपुढून उठून, हात धुऊन, निजावयाच्या वेळीं त्याहि गोळी देतच होत्या. मूल बिचारें दोघींच्याहि हातून गोळी घेई. मोठीं माणसें देतात तें घ्यावयाचें असतें, एवढेंच त्यास ठाऊक. दिवाळीनंतर दहाबारा दिवसांनीं त्यास ताप भरला, तोंड आलें, रक्तांतील पांढऱ्या पेशी फार खालीं गेल्या व आठ दिवस रुग्णालयांत ठेवावें लागलें. या रोगांत असें होतें, म्हणून कोणीं फारसा खोल विचार केला नाहीं.

काकूंच्या मनावर मात्र या गोष्टीचा विलक्षण परिणाम झाला. नातवाचें सोललेलें तोंड त्यांनीं पाहिलें होतें. पाण्याचा घोटहि त्यास गिळवत नव्हता. हें या पिवळ्या गोळीचें काम, असें त्यांच्या मनानें घेतलें. तेव्हांपासून ज्या रात्रीं मूल फिकट दिसे, अगर जेवण उशिरां होऊन दोन तास भरण्याच्या आंतच तें झोंपी जाई, त्या रात्रीं काकू त्यास उठवीत नसत. कोणास सांगत नसत. विचारलें तर, "दिली हो," म्हणत. आयुष्यांत ज्या बाईनें खोटें बोलल्याचें आम्हांस आठवत नाहीं तिनें हें केलें, तें केवळ मायेनें.

दोन महिन्यांत पांढऱ्या पेशी जरुरीपेक्षां वर चढल्या. औषध कमी पडतें असें दिसल्यावर मात्रा वाढवावी, असें डॉक्टरांच्या मनांत आलें, व तें शास्त्राला धरूनच होतें. मात्र त्यापूर्वीं त्यांनीं आम्हांस तेथील फार्मसिस्ट बाईंकडे पाठविलें. वयानें तिशींतील, बोलण्यांत शांत. लहान मुलांच्या ल्युकेमियांत घरगुती गोळ्यांचें काय होतें हाच त्यांच्या संशोधनाचा विषय. त्यांनीं पहिल्या भेटींत कांहींच विचारलें नाहीं, एवढेंच म्हणाल्या, "पुढच्या वेळीं शिशी घेऊन या. आणि घरांत जीं जीं औषधें असतील तीं सगळीं, कोणाचींहि असोत, पिशवींत घालून आणा."

आम्ही पिशवी घेऊन गेलों. काकू, मुलाची आई व आम्ही. बाईंनीं शिशी पांढऱ्या कागदावर ओतली व गोळ्या मोजल्या. अठ्ठावीस दिवसांपूर्वीं तीस गोळ्या मिळाल्या होत्या. आठवड्यास सहा प्रमाणें चार आठवड्यांच्या चोवीस जावयास हव्या होत्या व सहा उरावयास हव्या होत्या. कागदावर दहा अख्ख्या व दोन अर्ध्या, म्हणजे एकंदर अकरा गोळ्या होत्या. हिशेब एवढा सरळ होता कीं कोणास बोलण्यास जागाच उरली नाहीं. मुलाच्या आईनें एकदम काकूंकडे पाहिलें. काकूंनीं मान खालीं घातली.

बाईंनीं त्या वेळीं जें केलें तें आम्ही विसरणार नाहीं. त्यांनीं "कां दिली नाहीं" असें विचारलें नाहीं. त्यांनीं विचारलें, "आजी, हा झोंपतो किती वाजतां? आणि तुमच्याकडे रात्रीचीं पानें केव्हां वाढतात?" काकूंनीं उत्तर दिलें, आणि मग बांध फुटल्याप्रमाणें सर्व सांगितलें: तोंड आलें तें, उठविण्यास धीर न होणें, खोटें बोलणें, सर्व. तेथेंच दिवाळीच्या आठवड्यांतील दुहेरी गोळीचाहि उलगडा झाला. बाईंनीं ती तारीख व पेशी उतरल्याची तारीख शेजारीं शेजारीं लिहून दाखविली. म्हणजे ज्या दुखण्यामुळें काकूंचा औषधावरील विश्वास उडाला, तें दुखणें औषधाच्या योग्य मात्रेचें नव्हतेंच. तें आमच्या घरच्या अव्यवस्थेचें होतें. आणि आतां जर डॉक्टरांनीं मात्रा वाढविली असती, व पुढें एखाद्या महिन्यांत कोणीं नेमानें गोळ्या दिल्या असत्या, तर काय झालें असतें याचा विचार वाचकांनींच करावा.

मग बाईंनीं आम्हांस आपल्या विषयांतील कांहीं गोष्टी समजावून दिल्या. अमेरिकेंत डॉ. स्मिता भाटिया यांच्या नेतृत्वाखालीं असाच एक मोठा अभ्यास झाला आहे. मुलांच्या घरीं अशा शिश्या देण्यांत आल्या कीं ज्यांचें झांकण उघडलें म्हणजे दिवस व वेळ यांची आपोआप नोंद होते. 2012 पासून या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध होत आले. ज्या मुलांनीं ठरलेल्या दिवसांपैकीं शेंकडा 95 पेक्षां कमी दिवस गोळी घेतली, त्यांचा रोग उलटण्याचा धोका इतर मुलांच्या सुमारें अडीचपट आढळला. शेंकडा 95 म्हणजे काय? तीस दिवसांच्या महिन्यांत दोन दिवस चुकले कीं ही मर्यादा ओलांडली. आमच्या घरीं सुमारें सहा दिवस चुकले होते. झांकणाची नोंद व आईबापांचें सांगणें ताडून पाहतां अनेक घरीं सांगणें अधिक व नोंद कमी, असेंहि दिसलें. तेव्हां काकू कांहीं जगावेगळ्या नव्हत्या.

दुसरी गोष्ट दुधाची. गाईच्या दुधांत झॅन्थीन ऑक्सिडेज नांवाचें एन्झाइम असतें व तें मर्कॅप्टोप्युरीनला निष्प्रभ करतें. म्हणून दूध वर्ज्य, पोट रिकामें व वेळ रात्रीची, असे नियम फार वर्षें चालत आले. नियम तर्कानें बरोबर होते. परंतु वरील अभ्यासांतील मंडळींनींच 2017 सालीं हा तर्क प्रत्यक्षाशीं ताडून पाहिला. गोळी जेवणाबरोबर घेतली कीं रिकाम्या पोटीं, दुधाबरोबर घेतली कीं दुधाशिवाय, यावरून रोग उलटण्याच्या प्रमाणांत फरक आढळला नाहीं. उलट हे निर्बंधच गोळी चुकण्यास कारण होण्याचा संभव दिसला. डॉक्टरांच्या संमतीनें बाईंनीं आमचा नियम बदलून दिला: दिवेलागणीच्या वेळीं, देवापाशीं निरांजन लागलें कीं गोळी, पोटांत कांहीं असो वा नसो. एवढा एक बदल, पण त्यानें मूल झोंपण्याचा व उठविण्याचा प्रश्नच मिटला.

तिसरी गोष्ट पिशवींतून निघाली. आमच्या तीर्थरूपांस वातरक्ताचा विकार आहे व त्यासाठीं ते अॅलोप्युरिनॉल घेतात. ती शिशी त्याच फडताळांत, मुलाच्या शिशीस लागून असे. बाईंनीं ती उचलून बाजूस ठेवली व सांगितलें कीं, या दोन औषधांचें नातें अगदीं जवळचें व तितकेंच धोक्याचें आहे. हें औषधहि एलियनबाईंच्याच प्रयोगशाळेंतलें. मर्कॅप्टोप्युरीन शरीरांत अधिक वेळ टिकावें म्हणूनच तें प्रथम तपासलें गेलें, व पुढें वातरक्तावर त्याचा उपयोग कळून आला. दोन्हीं एकत्र झालीं तर मर्कॅप्टोप्युरीनची मात्रा चतुर्थांश अगर तृतीयांशावर आणावी लागते. न आणल्यास पेशी भयंकर खालीं जातात. घाईंत शिश्यांची अदलाबदल झाली असती, तर? त्या दिवसापासून मुलाचें औषध निराळ्या कुलपी डब्यांत गेलें.

याशिवाय कांहीं माणसांचा पिंडच असा असतो कीं साधी मात्राहि त्यांस सोसत नाहीं. या औषधाची विल्हेवाट लावणारें टी. पी. एम. टी. नांवाचें एन्झाइम कांहीं लोकांत जन्मतःच दुर्बळ असतें, हें 1980 सालीं कळलें. आणि आपल्यासारख्या आशियाई लोकांत एन. यू. डी. टी. 15 या दुसऱ्या आनुवंशिक फरकाचें महत्त्व अधिक आहे, हें 2014 नंतर स्पष्ट झालें. रक्ताच्या तपासणीनें हे फरक ओळखतां येतात. आमच्या चिरंजीवाची ती तपासणी झाली. त्यांत दोष निघाला नाहीं. दोष होता तो घराच्या हिशेबांत.

हें सर्व एकाच रोगापुरतें आहे असें कोणीं समजूं नये. हल्लीं कर्करोगाचीं पुष्कळ औषधें गोळीच्या रूपानें घरीं येतात, व प्रत्येकीचें जेवणाशीं नातें निराळें असतें. कॅपेसिटाबीन जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आंत घ्यावयाचें. इमॅटिनिब जेवणाबरोबर व मोठा पेलाभर पाण्यासह. निलोटिनिबच्या नेहमींच्या कॅप्सुली मात्र रिकाम्या पोटींच, नाहींतर तें रक्तांत नको इतकें चढतें. प्रोस्टेटच्या कर्करोगावरील अबिरॅटेरॉन स्निग्ध अन्नाबरोबर घेतल्यास रिकाम्या पोटीं घेतल्याच्या अनेक पटींनीं रक्तांत उतरतें. तेव्हां अन्नाबरोबर चौथाई मात्रा पुरेल काय, हा प्रश्न शिकागो येथील संशोधकांनीं विचारला, व 2018 सालीं बहात्तर रुग्णांवरील लहानशा प्रयोगांत अडीचशें मिलिग्रॅम अन्नासह व हजार मिलिग्रॅम अन्नाशिवाय यांचा परिणाम रक्ताच्या तपासणींत तुल्य दिसला. हें वाचून कोणीं आपल्या बुद्धीनें गोळ्या कमी करूं नयेत; परंतु मात्रेचा अभ्यास म्हणजे गरीब रोग्याच्या खिशाचाहि अभ्यास आहे, हें यावरून ध्यानांत येईल.

या बाबतींत आपल्या मुंबईनें जगास एक धडा दिला आहे. परळ येथें 1941 सालीं उघडलेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयांतील डॉक्टरांनीं तोंड व घसा यांच्या पुढें गेलेल्या कर्करोगावर निव्होलुमॅब या अतिमहाग औषधाचा एक प्रयोग केला. इतरत्र याची नेहमींची मात्रा दोन आठवड्यांस 240 मिलिग्रॅम. यांनीं तीन आठवड्यांस अवघी 20 मिलिग्रॅम दिली, व तीहि स्वस्त गोळ्यांच्या उपचारास जोड म्हणून. 151 रुग्णांवरील या प्रयोगाचा निष्कर्ष 2022 सालीं प्रसिद्ध झाला: ज्यांस केवळ गोळ्या दिल्या त्यांपैकीं एक वर्षानंतर शेंकडा 16 जिवंत होते, ज्यांस ही अल्प मात्राहि मिळाली त्यांपैकीं शेंकडा 43. मोठी मात्रा म्हणजे मोठा गुण, हें समीकरण सर्वत्र खरें नसतें, हें दाखविण्यास येथील गरजच कारण झाली.

आमच्या अनुभवावरून कांहीं सूचना करून हा लेख संपवितों. एकत्र कुटुंबाचें वैभव हें कीं आजाऱ्याजवळ नेहमीं कोणीतरी असतें. औषधाच्या बाबतींत तेंच व्यंग ठरतें, कारण 'कोणीतरी दिली असेल' हें वाक्य अशाच घरांत जन्म घेतें. म्हणून औषध देणारा माणूस एकच असावा, व तो नसेल त्या दिवशीं त्याच्या जागीं कोण, हें आधींच ठरवावें. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर गोळी दिल्यानंतरच खूण करावी, आधीं करूं नये. रोजची गोळी व आठवड्याची गोळी एका डब्यांत ठेवूं नयेत. मेथोट्रेक्सेट साप्ताहिक असतां चुकून रोज घेतल्यानें जगांत ठिकठिकाणीं माणसें दगावलीं आहेत. त्याच्या वेष्टनावर वाराचें नांव मोठ्या अक्षरांत लिहावें. गोळीचे तुकडे करावयाचे झाल्यास विळी, खलबत्ता यांसारखीं स्वयंपाकाचीं साधनें वापरूं नयेत व हात धुवावेत. घरांत कोणी गरोदर असेल तर तिनें तुटलेल्या गोळीस अगर तिच्या भुकटीस हात लावूं नये. काढे, चूर्णें, आसवें, हळदीचीं हल्लीं निघालेलीं सत्त्वें यांपैकीं जें कांहीं चालू असेल तें डॉक्टरांस व फार्मसिस्टांस न लाजतां सांगावें. वांति झाली, गोळी चुकली, तर दुसरी गोळी आपल्या विचारानें देऊं नये, विचारावें. आणि दर भेटीस शिशी बरोबर न्यावी. तोंडानें सांगण्यांत संकोच होतो. मोजलेल्या गोळ्यांस तो होत नाहीं.

आणखी एक विनंति घरांतील कर्त्या पुरुषांस आहे. चुकलेली गोळी घरीं कळली म्हणजे आवाज चढवूं नये. आमच्या काकू चार महिने खोटें बोलल्या याचें एक कारण आम्हीहि होतों. दिवाळीनंतरच्या दुखण्यांत, "तुम्हीं कांहीं भलतेंसलतें खाऊं घातलें असेल," असें आम्हीच त्यांस एकदां म्हटलें होतें. असें ऐकल्यावर त्या आमच्याजवळ मन मोकळें करतील ही अपेक्षा व्यर्थ होती. जें आम्हीं केलें नाहीं तें त्या तरुण बाईंनीं केलें. त्यांनीं आजीकडून उत्तर काढलें नाहीं, आजीला उत्तर देतां येईल असा प्रश्न विचारला.

पुढचे दोन महिने पेशी मात्रा न वाढवितांच योग्य पातळीवर आल्या. गेल्या श्रावणांत चिरंजीवाचे उपचार पूर्ण झाले. तपासण्या अजून ठराविक मुदतीनें होतात व पुढेंहि कांहीं वर्षें होत राहतील. त्या प्रत्येक वेळीं घर श्वास रोधून असतें, हें कबूल केलें पाहिजे. काकूंनीं शेवटपर्यंत गोळी आपणच दिली. बाईंनीं सांगितलें होतें, "आजींकडून हें काम काढून घेऊं नका, त्यांच्याइतकें काळजीनें करणारें तुमच्या घरांत दुसरें कोणी नाहीं." निरांजन लागलें कीं त्या डब्याचें कुलूप काढीत, गोळी देत, मुलानें पाणी पिऊन तोंड उघडून दाखविलें म्हणजे भिंतीवर खूण करीत. उपचार संपल्याच्या दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं त्या संवयीनें उठल्या, डब्यापाशीं गेल्या, आणि डबा रिकामा पाहून तेथेंच खालीं बसून कितीतरी वेळ रडल्या. मूल शेजारींच खेळत होतें. आजी कां रडते तें त्यास कळेना.